खाऱ्या हवेत नेण्याचा चाकू

पावसाळ्यात राजमाचीला किंवा सुट्टीत मालवण-गोव्याकडे निघालेल्यांना एक विनंती आहे. बरोबर नेण्यासाठी घडीचा चाकू घेणार असाल, तर धारेआधी तो गंजतो किती हे पारखा. सहलीत चाकूला काम असतं काकडी-कांदा चिरण्याचं, दोरी कापण्याचं, फार तर पाकिटं फोडण्याचं. एवढ्याला कुठलाही बरा चाकू पुरतो. चार दिवस ओल्या सॅकमध्ये राहिल्यावर तो उघडेल का, हे मात्र आधी बघायला हवं.

खरेदीला जाताना चुंबक घरीच ठेवा. ‘चुंबक चिकटला नाही तर अस्सल स्टेनलेस’ ही भांड्यांच्या दुकानातली परीक्षा चाकूला लावली, तर निकाल उलटा लागतो. चांगल्या डब्या-पातेल्यांच्या 304 स्टीलमध्ये निकेल असतं. ते चुंबकाला दाद देत नाही आणि पाणी देऊन कडकही होत नाही. पात्याला कडकपणा हवाच, आणि पाणी देऊन कडक होणाऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटतोच.

स्टेनलेस म्हणजे निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलेलं पोलाद. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पात्यावर डोळ्यांना न दिसणारा थर धरतं. ओरखडा पडला तरी थर पुन्हा धरतो. पण मिठातलं क्लोराइड हा थर ठिकठिकाणी फोडतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. म्हणून पावसाच्या पाण्यापेक्षा समुद्राचा वारा, खिशातला घाम आणि लोणच्याचा खार चाकूला जास्त बाधतात. वरचे तपकिरी डाग खाण्याच्या सोड्याने निघतात, खड्डे निघत नाहीत.

विक्रेते ज्याचं फार कौतुक करतात ते डी-2 पोलाद इथेच फसवतं. त्यात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे कागदावर स्टेनलेसच. पण कार्बनही दीड टक्का असतो आणि तो बरंचसं क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो. धार खूप टिकते, पण किनाऱ्यावर पातं गंजतं. धार टिकणं आणि गंज न चढणं या दोन गोष्टी एका पात्यात भरपूर मिळवायच्या तर पैसेही भरपूर मोजावे लागतात. सहलीसाठी मी डोळे मिटून गंज न चढणारं पातं घेईन. बोथट झालं तर घरी येऊन धार लावता येते. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं तुलनेने मऊ असतं, लवकर बोथटतं, पण हवेला दाद देत नाही. 12सी27 किंवा 14सी28एन असं लिहिलेलं पातंही निर्धास्त घ्या. फ्रान्सचा ओपिनेल साध्या कार्बन पोलादात मिळतो आणि स्टेनलेसमध्येही. कार्बनवाला कैरी चिरली की विळीसारखा काळा पडतो. शिवाय त्याची लाकडी मूठ पावसात फुगते आणि पातं बाहेर काढताना नखं दुखतात. पाणी देऊन नव्हे, तर थंड स्थितीत लाटून कडक केलेलं एच-1 पोलाद समुद्राच्या पाण्यालाही पुरून उरतं, पण रोज खाऱ्या पाण्यात काम नसेल तर तेवढा खर्च कशाला?

पात्यापेक्षा बिजागरीत गंज जास्त चढतो, आणि दुकानात तिकडे कुणी बघत नाही. चाकू उजेडासमोर धरा. मुठीच्या पाठीमागून आरपार दिसत असेल तर पाणी आणि वाळू धुऊन निघेल. बंद मुठीत ओल अडकून राहते. स्क्रूने जोडलेला चाकू खोलून साफ करता येतो, रिव्हेटवाला येत नाही. काळ्या लेपाला भुलू नका. धार लावली की तिथला लेप जातो आणि धार उघडी पडते.

संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा, पुसा आणि उघडाच वाळू द्या. ओला चाकू मिटून चामड्याच्या म्यानात ठेवणं सगळ्यात वाईट. बिजागरीत थेंबभर तेल सोडा. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन चालेल. फळं कापायच्या पात्यालाही ते बरं.

बटण दाबताच पातं उसळणारा चाकू शोभेला छान, पण पोलिसांनी हटकलं तर ‘फळं कापायला’ हे उत्तर पटवणं जड जाईल. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूला परवाना लागतो. घरगुती आणि शेतीच्या वापरासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. खिशातला चाकू त्या मापाच्या कितीतरी आत असतो. तरी यात्रा, निवडणूक किंवा तणावाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली चाकू बाळगण्यावरच बंदी येऊ शकते, तेव्हा निघण्याआधी त्या जिल्ह्यात आदेश लागू आहे का ते बघा. विमानाने जाणार असाल तर चाकू चेक-इनच्या बॅगेत टाका. आणि मुलाकडे लंडनला निघालेल्या आई-बाबांनी लॉक नसलेला, तीन इंचांच्या आतला चाकू न्यावा. लॉक होणारं पातं तिथे सबळ कारणाशिवाय खिशात ठेवणं गुन्हा आहे.