पिवळ्या जर्सीवरचे आक्षेप

स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने २०२४ ची टूर द फ्रान्स सहा टप्पे आणि ६ मिनिटे १७ सेकंदांची आघाडी घेऊन जिंकली. त्याआधी मे महिन्यात जिरो दितालिया त्याने ९ मिनिटे ५६ सेकंदांच्या फरकाने जिंकली होती आणि तिथेही त्याच्या वाट्याला सहाच टप्पे आले होते. या दोन्ही शर्यती एकाच वर्षात जिंकणारा त्याच्याआधीचा सायकलपटू म्हणजे १९९८ चा मार्को पांतानी. इतक्या मोठ्या यशावर चाहत्यांत तट पडले नसते तरच नवल. एका तटाला त्यात दिग्गज सायकलपटू एडी मर्क्सचा पुनर्जन्म दिसला. दुसऱ्याच्या मते शर्यतीची मजा गेली, विजेता हावरट आहे, त्याचा प्रतिस्पर्धी जखमी होता आणि हा वेग निव्वळ मेहनतीने येणारा नव्हे. हे आक्षेप बहुधा एका दमात मांडले जातात. पहिल्याला उत्तर मिळू लागले की वाद दुसऱ्यावर घसरतो आणि शेवटी काहीच निकालात निघत नाही. म्हणून ते सुटे करून तपासलेले बरे.

शर्यत कंटाळवाणी झाली, या आक्षेपात थोडे तथ्य आहे. चौदाव्या टप्प्याअखेर पोगाचारची मुख्य प्रतिस्पर्धी योनास विंगेगोरवरची आघाडी १ मिनिट ५७ सेकंदांची होती. पंधराव्या टप्प्यानंतर ती ३ मिनिटे ९ सेकंदांवर गेली आणि शेवटच्या आठवड्यात एकूण आघाडीची पिवळी जर्सी कोणाची, हा प्रश्न फारसा उरला नाही. पण निकाल ठरणे वेगळे आणि शर्यत निर्जीव होणे वेगळे. अकराव्या टप्प्यात पोगाचारने शेवटची रेषा ३१ किलोमीटर दूर असताना मुसंडी मारली. विंगेगोरने पुढच्या घाटात त्याला गाठले आणि ल लिओरां येथे दोघांच्याच धावेत हरवले. वर्चस्व गाजवणाराही चुकीच्या वेळी जोर लावतो आणि हरतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. कंटाळ्याचाच हिशेब मांडायचा तर १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे टूर जिंकणाऱ्या मिगेल इंदुराइनचाही मांडावा. त्या पाच वर्षांत त्याने जिंकलेला प्रत्येक टप्पा एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याचा होता. डोंगरात तो प्रतिस्पर्ध्यांच्या मागे चिकटून राही. पोगाचार नेमके उलटे करतो आणि गरज नसतानाही हल्ला चढवतो. त्याच्यावर करता येईल अशी खरी टीका उतावळेपणाची आहे.

हावरटपणाचा आक्षेप भावनेला हात घालतो. २०२४ च्या जिरोमध्ये मोन्ते पाना येथे वीस वर्षांचा इटालियन जुलिओ पेलित्सारी विजयाच्या अगदी जवळ आला होता. पोगाचारने त्याला शेवटच्या चढावर मागे टाकले आणि शर्यत संपल्यावर स्वतःची गुलाबी जर्सी व गॉगल त्याच्या हाती दिला. टूरमध्ये इसोला २००० च्या चढावर पुढे निसटलेल्या मॅटेओ जॉर्गेन्सनलाही त्याने शेवटच्या दोन किलोमीटरांत गाठले. एवढी आघाडी असताना एखादा टप्पा दुसऱ्याला सोडला असता तर काय बिघडले असते, असे चाहते विचारतात.

पण जॉर्गेन्सन हा काही एकटा झुंजणारा अनाम शिलेदार नव्हता. तो विंगेगोरच्या संघातला होता आणि मागून विंगेगोरने हल्ला केला तर त्याला पुढे आधार मिळावा, या बेताने संघाने त्याला आघाडीच्या गटात पाठवले होते. प्रतिस्पर्ध्याने डावात पुढे सरकवलेली सोंगटी मारली म्हणून कोणी हावरट ठरत नाही. शिवाय टप्पा दान करण्याच्या प्रथेचा इतिहासही फारसा गोड नाही. २००० साली माँ वाँतूच्या माथ्यावर लान्स आर्मस्ट्राँगने पांतानीला टप्पा सोडला. पांतानीला तो अपमान वाटला, तर आर्मस्ट्राँगने पुढे ती आपली चूक असल्याचे सांगितले. दयेने मिळालेला विजय घेणाऱ्यालाही नकोसा होतो.

जखमेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ४ एप्रिल २०२४ रोजी बास्क प्रांतातल्या शर्यतीत विंगेगोर उतारावर कोसळला. त्याच्या गळपट्टीचे हाड आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसालाही इजा झाली. टूर सुरू झाली २९ जूनला. मधल्या बारा आठवड्यांतला बराच काळ केवळ बरे होण्यात गेला असणार, आणि सरावातली अशी तूट तिसऱ्या आठवड्यात हमखास जाणवते. तेव्हा तो ठणठणीत असता तर फरक सहा मिनिटांचा नसता, असे म्हणायला जागा आहे. तो जिंकलाच असता, हे म्हणणे मात्र आपल्याच हौसेला पुरावा मानणे होय. एका वर्षाआधी हीच तक्रार उलट बाजूने चालली होती. एप्रिल २०२३ मध्ये लिएज-बास्तोन्य-लिएज शर्यतीत पडून पोगाचारचे मनगट मोडले. त्यानंतरच्या टूरमध्ये तो विंगेगोरपेक्षा ७ मिनिटे २९ सेकंदांनी मागे राहिला. तेव्हा त्याचे चाहते मनगटाचा दाखला देत होते आणि विंगेगोरचे चाहते तो उडवून लावत होते. ज्याला एक जखम मोजायची आहे, त्याने दुसरीही मोजली पाहिजे.

उरतो संशय. वादातला खरा तिढा तोच आहे, आणि तो सगळा १४ जुलै २०२४ च्या एका चढाभोवती फिरतो. प्लातो द बेय हा पिरेनीजमधला १५.८ किलोमीटरचा, सरासरी ७.९ टक्के चढाचा घाट. त्या दिवशी त्याआधी पेरसूर्द, माँते, पोर्ते-दास्पे आणि आन्येस असे चार घाट ओलांडून सायकलपटू त्याच्या पायथ्याशी आले होते. विंगेगोरच्या संघाने वेग वाढवला. जॉर्गेन्सन बाजूला झाला तसा साडेदहा किलोमीटर बाकी असताना विंगेगोरने हल्ला केला. पोगाचार त्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहिला आणि साडेपाच किलोमीटर उरल्यावर एकटा निघून गेला. माथ्यावर फरक पडला १ मिनिट ८ सेकंदांचा. पोगाचार हा घाट चाळीस मिनिटांच्या आत चढला. पांतानीला १९९८ मध्ये त्रेचाळीस मिनिटांहून अधिक वेळ लागला होता. त्या वर्षीच्या टूरमधल्या पांतानीच्या नमुन्यांत इपीओ हे उत्तेजक असल्याचे २०१३ मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालातून उघड झाले. मग औषध घेतलेल्या माणसापेक्षा जवळपास साडेतीन मिनिटे जलद चढणारा माणूस स्वच्छ कसा, असा सवाल येतो.

सवाल रास्त आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. या वेळा अधिकृत नसतात. दूरचित्रवाणीवरची दृश्ये पाहून त्या मोजल्या जातात, म्हणून काही सेकंद इकडेतिकडे होणारच. मात्र तीन मिनिटांचा फरक एवढ्याने पुसला जात नाही, त्याला दुसरे कारण हवे. त्या दिवशी केवळ पोगाचारच नव्हे, तर दुसरा आलेला विंगेगोर आणि तिसरा आलेला रेम्को एव्हनेपुल हेही पांतानीपेक्षा जलद चढले. म्हणजे वाढलेला वेग एका माणसाचा नाही, सगळ्या पिढीचा आहे. त्याची ठळक कारणे उघड आहेत. १९९० च्या दशकात सायकलपटू ताशी साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घेत. आता १०० ते १२० ग्रॅम घेतात, आणि त्यासाठी आतड्यांनाही सराव देतात. चार घाटांनंतर पाचव्या घाटात पाय रिकामे होत नाहीत, त्यात या खाण्याचा वाटा मोठा आहे. प्लातो द बेयवर पोगाचारचा सरासरी वेग ताशी २३ किलोमीटरांहून अधिक होता. एवढ्या वेगाला चढावरही वारा आडवा येतो, म्हणून कपडे, चाके, टायर आणि पुढच्याच्या आडोशाला राहणे यांचा फायदा होतो. त्यात घाटाच्या पायथ्यापासून संघाने ठेवलेला कडक वेग मिळवला की जुन्या वेळेशी तुलना आणखी अवघड होते.

याचा अर्थ संशय निराधार आहे, असा नाही. अशा घटकांनी फरक समजावता येतो. त्यातला कुठला किती सेकंदांचा, हे बाहेरून कोणी सिद्ध करू शकत नाही. पोगाचार आजवर कोणत्याही चाचणीत दोषी आढळलेला नाही. पण आर्मस्ट्राँगही आपण शेकडो चाचण्यांतून सुटल्याचे सांगत असे, आणि २०१२ मध्ये त्याची टूरची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. पोगाचारच्या संघाचा कर्ताधर्ता मॉरो जानेत्ती २००८ साली ज्या संघाचा व्यवस्थापक होता, त्याच संघाचा रिकार्दो रिक्को त्या वर्षीच्या टूरमध्ये उत्तेजक सेवनात सापडला. जुना चाहता हे विसरत नाही आणि त्याने विसरावे अशी अपेक्षाही चुकीची आहे.

मात्र हा संशय नेहमी पिवळ्या जर्सीबरोबर अंग बदलतो. २०२३ मध्ये काँब्लूच्या घड्याळी टप्प्यात विंगेगोरने पोगाचारला १ मिनिट ३८ सेकंदांनी हरवले, तेव्हा प्रश्नांचा मारा त्याच्यावर झाला. मुलीला जे देणार नाही ते आपण स्वतः घेत नाही, असे त्याला सांगावे लागले. २०१५ च्या टूरमध्ये आघाडीवर असलेल्या क्रिस फ्रूमवर एका प्रेक्षकाने मूत्र फेकले. हरणाऱ्यावर कोणी फेकत नाही. संशयाचा निकष फक्त विजयाचे अंतर असेल, तर तो प्रत्येक वर्षी कोणाला तरी लागू पडणार आणि त्यातून खरा गुन्हेगार कधीच वेगळा निघणार नाही.

म्हणून प्रश्न विचारायचे ते व्यवस्थेला. २००८ पासून सायकलपटूंच्या रक्ताच्या नोंदी जैविक पासपोर्टमध्ये ठेवल्या जातात आणि साठवलेले नमुने दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात. २०२४ च्या टूरदरम्यान काही मोठे संघ, त्यांत पोगाचार आणि विंगेगोर या दोघांचेही, उंचीवरच्या सरावाचा परिणाम मोजण्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र वापरतात, हे बाहेर आले. मोजणीसाठीचा तो वापर तेव्हा नियमबाह्य नव्हता. पण तोच वायू वारंवार हुंगला तर क्षमता वाढवण्यासाठीही वापरता येईल, ही शंका उठली आणि आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तशा वारंवार वापरावर बंदी घातली. नेमका प्रश्न विचारला की नेमका नियम येतो, हे इथे दिसले. घाटाच्या वेळेवरून कोणाला चोर म्हटल्याने असा एकही नियम बदललेला नाही.

वर्चस्वावरचा राग नवा नाही. १९६९ मध्ये मर्क्सने पहिली टूर १७ मिनिटे ५४ सेकंदांनी जिंकली, आणि १९७५ मध्ये प्वी द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने त्याच्या पोटात ठोसा मारला. २०२५ मध्ये या रागाने गमतीशीर वळण घेतले. पोगाचारने चार टप्पे जिंकून ४ मिनिटे २४ सेकंदांच्या फरकाने चौथी टूर जिंकली. ओताकामच्या चढावर त्याने विंगेगोरला २ मिनिटे १० सेकंदांनी मागे टाकले, पण पुढे आल्प्समध्ये त्याने एकही टप्पा जिंकला नाही. एक वर्षापूर्वी ज्यांना त्याचे हल्ले अति वाटत होते, त्यांच्यातलेच काही आता तो जपून खेळतो, थकला, त्याचे मन लागत नाही, असे म्हणू लागले. शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये पाऊस पडला आणि एकूण क्रमवारीच्या वेळा शर्यत संपण्याआधीच गोठवण्यात आल्या. त्याला फक्त सुखरूप पोहोचायचे होते. तरीही मोंमार्त्रच्या ओल्या दगडी चढावर तो पुन्हा पुढे निघाला, आणि शेवटच्या फेरीत वाउट फान आर्टने त्याला मागे टाकून टप्पा जिंकला.