मुलांचा स्वभाव आणि घरचा व्यवसाय

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत एक नवा घरगुती व्यवसाय पसरला आहे. पुष्कळदा नवरा-बायको मिळून तो चालवतात. भांडवल म्हणजे एक स्कॅनर, एक लॅपटॉप आणि कुठल्या तरी कंपनीची फ्रँचायझी. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि काही हजार रुपयांत त्याचा स्वभाव, बुद्धीचे प्रकार, पुढे घ्यायची शाखा असे सगळे सांगणारा जाडजूड रिपोर्ट पालकांच्या हाती द्यायचा. 'डीएमआयटी' नावाने ही चाचणी ओळखली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही, असे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने स्पष्ट केले आहे. मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या ज्या सिद्धान्ताचे नाव त्यासाठी घेतले जाते, त्यात बोटांच्या ठशांना कुठेच जागा नाही.

तरीही या केंद्रांत जाणाऱ्या आईवडिलांना दोष देणे चुकीचे ठरेल. त्यांची गरज खरी आहे. एकाच घरात, एकाच ताटातले जेवून वाढलेली दोन भावंडे इतकी वेगळी का, थोरली पाहुण्यांत रमते आणि धाकटा आईच्या पदरामागे का लपतो, हे त्यांना समजून घ्यायचे असते. चौकोनी कुटुंबात "याचा पिंडच तसा आहे, धीर धर" असे सांगणारी आजी जवळ नसते. त्या रिकाम्या जागेत कुणी तरी येणारच. प्रश्न आहे तो येणारा काय देतो, याचा.

एका जोडप्याने याचे उत्तम उत्तर देऊन ठेवले आहे. स्टेला चेस आणि अलेक्झांडर थॉमस हे न्यूयॉर्कमधले पती-पत्नी, दोघेही मानसोपचारतज्ज्ञ. मुलात काही बिघडले की आईला जबाबदार धरायचे, अशी त्या काळी तिथल्या तज्ज्ञांची रीत होती. चेस यांना ती मान्य नव्हती. १९५६ मध्ये दोघांनी तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि १३३ मुलांचा मागोवा ती मोठी होईपर्यंत घेतला. पालकांना त्यांनी साधे प्रश्न विचारले. बाळ ठरल्या वेळी झोपते का? नवा पदार्थ तोंडात घातला की काय करते? रडते ते किती जोरात? अशा तपशिलांतून त्यांनी स्वभावाची नऊ अंगे वेगळी काढली. सुमारे ४० टक्के मुले सांभाळायला सोपी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी निघाली. उरलेली ३५ टक्के कुठल्याच गटात बसली नाहीत आणि या दोघांनी ती ओढूनताणून बसवलीही नाहीत. शास्त्राचा हा प्रामाणिकपणा आजच्या रिपोर्टांत शोधूनही सापडत नाही.

त्यांचे सर्वांत मोलाचे निरीक्षण पुढेच आहे. त्याच शहरातल्या पोर्तोरिकन कामगार कुटुंबांतली मुलेही त्यांनी पाहिली. ही कुटुंबे लहान घरांत राहत होती आणि बाहेरचे रस्ते सुरक्षित नसल्याने मुलांना घरातच ठेवत होती. या मुलांबद्दल सर्वाधिक तक्रार होती ती अति चळवळेपणाची. मध्यमवर्गीय घरांतल्या तितक्याच चळवळ्या मुलांबद्दल मात्र ती जवळजवळ नव्हती, कारण त्यांना हुंदडायला जागा होती. उलट, झोपेची वेळ ठरलेली नसणे ही पोर्तोरिकन आयांना अडचण वाटत नव्हती. ती भासू लागली शाळा सुरू झाल्यावर. म्हणजे मूल 'अवघड' ठरते ते त्याची आणि भोवतालच्या परिस्थितीची सांगड न बसल्यामुळे. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये दिवसभर उड्या मारणाऱ्या मुलाचे नाव 'वांड' पडण्याआधी जवळ मैदान आहे का, हे विचारायला हवे.

दुसरे कुटुंब याहून कितीतरी प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज यांनी आपल्या मुलीच्या, इझाबेलच्या, संगोपनाची बारकाईने टिपणे ठेवली, त्यावर लेख लिहिले. पुढे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचे स्वभावप्रकारांवरचे पुस्तक इंग्रजीत आले आणि माय-लेकींनी त्यातून माणसांचे १६ प्रकार मांडले, ते ओळखणारी चाचणी तयार केली. कंपन्यांमध्ये आजही घेतली जाणारी 'मायर्स-ब्रिग्ज' चाचणी ती हीच. दोघींनीही मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. पण त्यांची तळमळ आणि मेहनत खरी होती. तरीही काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की अनेकांचा प्रकार बदलतो, हा आक्षेप तिला आजवर चिकटलेला आहे. मोठ्यांचे असे, तर रोज बदलणाऱ्या पाच वर्षांच्या मुलावर शिक्का मारायचा कशाच्या जोरावर?

शिक्का न मारता मुलाकडे पाहण्याची मराठीत चांगली परंपरा आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 'शिक्षणपत्रिके'तून पालकांना हेच शिकवले, की मुलाकडे आधी नीट पाहा. आज पुण्यात ज्ञान प्रबोधिनी आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) यांच्याकडे प्रशिक्षित माणसे आहेत. एखाद्या कुटुंबाला या क्षेत्रात व्यवसाय करायचा असेल तर जरूर करावा, फीसुद्धा घ्यावी. पण पालकांना मुलाकडे पाहायला शिकवण्याची ती फी असावी. महिनाभर मुलाच्या झोपेची, भुकेची, रागाची नोंद कशी ठेवायची, ती कशी वाचायची आणि घरातली कोणती सवय बदलायची, हे सांगणारा माणूस त्या फीला पात्र आहे. मुलाला एकदाच पाहून त्याचे भविष्य छापून देणारा नाही.

पालकांनीही पैसे भरण्याआधी समोरच्याचे शिक्षण विचारावे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी असते, ती पाहावी. आणि मूल उशिरा बोलते आहे, नजरेला नजर देत नाही किंवा शाळेत फार मागे पडते आहे, अशी शंका असेल तर स्वभावाच्या चाचण्यांत वेळ घालवू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवरच्या डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर) केंद्रांत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते.