पदवीचे हप्ते, शाळेतच!

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘क्रेडिट’ शब्द दिसला की खतावणीतली जमेची बाजूच आठवते. पण ज्यांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्या घरांतून हा शब्द आता वेगळ्याच अर्थाने कानी पडतो. नातू अजून शाळेत, अकरावीत, आणि आजी कौतुकाने सांगत असते, “त्याची कॉलेजची नऊ क्रेडिट्स आत्ताच झाली!” ऐकणारा मान डोलावतो. मात्र शाळेत असतानाच कॉलेजची जमा कशी होते, ती पुढे वटते का आणि या घाईचा लाभ नेमका कोणाला होतो, हे प्रश्न कौतुकापाशी थांबून सुटणारे नाहीत.

आधी हिशेब पाहू. अमेरिकेतल्या पदवीला साधारणपणे १२० क्रेडिट्स लागतात. आठवड्याला एक तास वर्ग, असे सुमारे पंधरा आठवडे भरले की ढोबळमानाने एक क्रेडिट होते. एका विषयाची बहुधा तीन. मौज अशी की, शिक्षण तासांत मोजण्याच्या या रीतीमागे पेन्शन आहे! पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे कोणत्या कॉलेजांना द्यायचे, हे ठरवायला काही माप हवे होते. प्रवेश देताना शालेय अभ्यासाचे ठरावीक तास भरल्याची अट जे घालील ते कॉलेज, असे ठरले. आणि १२० तासांचे ‘कार्नेगी युनिट’ रूढ झाले. पुढे कॉलेजेही त्याच धर्तीवर तास मोजू लागली.

एकदा शिक्षणाचे असे नाणे पाडले की ते आगाऊ कमावण्याची कल्पना सुचणारच. ती सुचली प्रथम श्रीमंतांच्या शाळांना. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि त्यांना विद्यार्थी पुरवणाऱ्या तीन खासगी शाळा यांनी १९५०च्या सुमारास पाहणी केली, तेव्हा दिसले की हुशार मुले शाळेत शिकलेलेच कॉलेजात पुन्हा शिकतात. यातून ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे एपी, जन्माला आली. पहिल्या परीक्षा १९५६ साली झाल्या. कॉलेजच्या तोडीचा अभ्यास शाळेत करायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची, एक ते पाच यांतला गुण मिळवायचा.

दुसरी वाट ‘ड्युअल एनरोलमेंट’ची, म्हणजे एकाच वेळी दोन्हीकडे नाव घालण्याची. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा करून शाळकरी मुलांना सरकारी खर्चाने कॉलेजचे वर्ग खुले केले. वॉशिंग्टन राज्याने १९९०मध्ये तेच केले. आज हे वर्ग कधी कॉलेजात भरतात, कधी शाळेचेच शिक्षक ते घेतात. २०२२-२३ या वर्षात सुमारे २५ लाख शाळकरी मुलांनी असा किमान एक विषय घेतला होता. श्रीमंत शाळांत सुरू झालेली कल्पना गावोगावच्या साध्या कम्युनिटी कॉलेजांपर्यंत झिरपली, ही समाधानाची गोष्ट खरी.

पण चेक हातात आला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. तो ज्या बँकेवर काढला आहे तिने तो वटवला पाहिजे. इथेही तसेच आहे. इलिनॉयसारख्या राज्यात सरकारी विद्यापीठांनी एपीचा तीन गुणही मान्य करावा, असा कायदा आहे. उलट डार्टमाउथ या नामवंत कॉलेजाने २०१४पासून आलेल्या विद्यार्थ्यांना पदवीसाठी एपीची क्रेडिट्स देणे बंद केले. तिथल्या मानसशास्त्र विभागाने एपीत पाचपैकी पाच मिळवलेल्या शंभराहून अधिक मुलांना आपली प्राथमिक परीक्षा दिली, तेव्हा त्यांतली नव्वद टक्के नापास झाली होती. बरे, क्रेडिट मान्य झाले तरी ते मुख्य विषयात धरले जाईल याची शाश्वती नाही. पुष्कळदा ते ‘इतर’ खात्यात पडून राहते. शिवाय ड्युअल एनरोलमेंटमध्ये सोळाव्या वर्षी पडलेला ‘डी’ कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमचा राहतो. जमेच्या खात्यात नावेही पडू शकते, हे आईबापांना कोणी आधी सांगत नाही.

मग ही व्यवस्था टाकाऊ आहे का? मुळीच नाही. १९८२ साली पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमधली अठरा मुले एपीच्या कॅल्क्युलसमध्ये उत्तीर्ण झाली. वस्ती गरीब मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा जणांच्या उत्तरांचा संशय आला. बारा जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही उत्तीर्ण झाले. त्यांचे शिक्षक हायमे एस्कलांटे यांच्यावर पुढे चित्रपट निघाला. त्या मुलांना मिळालेली क्रेडिट्स गौण होती. आपण या दारातून आत जाऊ शकतो, हा पुरावा त्यांना मिळाला, तो मोलाचा. ज्याच्या घरात कोणी कॉलेज पाहिलेले नाही, त्याला शाळेत असतानाच कॉलेजची एक पायरी चढता आली तर भीती मोडते, फीही वाचते.

दुःख हे की, ज्याला याची सर्वांत अधिक गरज, त्याच्यापर्यंत ही सोय सर्वांत कमी पोहोचते. लहान खेड्यातल्या शाळेत एपीचे विषय शिकवायला माणूस नसतो. कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण या वर्गांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमीच राहिले आहे. आणि सुखवस्तू उपनगरांत, त्यात आपलीही मुले आली, आठ-आठ, दहा-दहा एपी घेण्याची चढाओढ चालते; वर्ष वाचवायला नव्हे, तर प्रवेशअर्ज सजवायला. जी मुदतठेव कधी मोडायचीच नाही, तिच्यासाठी मुलांची झोप गहाण पडते.

हे परक्यांचे म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्याकडे ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ २०२१ साली सुरू झाली आणि २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शाळेलाही याच मोजमापात आणले. नावातच बँक! आपण अकरावी-बारावीला ‘ज्युनियर कॉलेज’ म्हणत आलो, तिथली मुले एक वर्ग घरी आणि एक क्लासला भरवतात, हेही सर्वांना ठाऊक आहे. उद्या त्यांच्याही खात्यात आगाऊ जमा होऊ लागेल. तेव्हा खात्यात किती जमले, एवढेच विचारून भागणार नाही. ते कुठे वटते आणि गडचिरोलीच्या आश्रमशाळेतल्या मुलीचे खाते उघडले का, हे विचारावे लागेल. काउंटरच्या आतल्या बाजूला बसून एक गोष्ट पुरेपूर कळते: ज्याच्याकडे आधीच शिल्लक आहे त्याच्याकडे बँक आपण होऊन जाते, ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे तिला मुद्दाम पाठवावे लागते.