खुर्ची उलटी करून बघा!

दोस्तांनो, आज एक कोडं. दुकानात दोन रेडिओ शेजारी शेजारी ठेवलेत. दोघांचीही पेटी लाकडी, दोघांनाही मोठी गोल बटणं, समोर तपकिरी जाळीचं कापड. एक साठ वर्षांपूर्वीचा आहे, दुसरा गेल्या वर्षी कारखान्यातून निघालाय. ओळखायचं कसं?

समोरून कितीही निरखा, फसाल! मागे बघायचं. जुन्याच्या पाठीला भोकं पाडलेला पुठ्ठा असेल आणि आत काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह. नव्याच्या पाठीला ब्लूटूथ आणि चार्जर लावायची जागा!

हल्ली ज्याच्या-त्याच्या तोंडी ‘रेट्रो’ हा शब्द असतो ना, तो मूळचा लॅटिन आणि त्याचा अर्थच मुळी ‘मागे’. तेव्हा जुन्या वस्तूंच्या खरेदीचा पहिला धडा हाच. जुनी वस्तू वेगळी आणि जुन्या वळणाची वस्तू वेगळी. दुसरी घेण्यात काहीच वाईट नाही. पण दुसरीला पहिलीची किंमत मोजली, तर मात्र आपण उल्लू!

हा धडा गिरवायला उपनगरातच एक झकास शाळा आहे. जोगेश्वरी पश्चिमेला, एस. व्ही. रोडच्या बाजूला ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार. मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी घाटकोपरहून मेट्रो पकडून अंधेरीला यायचं आणि तिथून धीमी लोकल, पुढचंच स्टेशन. बोरिवलीवाल्यांना तर सरळ लोकल. शिसवी कपाटं, वेताने विणलेल्या आरामखुर्च्या, आरसे, दिवे, घड्याळं... सगळं छतापर्यंत रचलेलं. सिनेमा आणि मालिकांचे सेट लावणारेही इथून सामान नेतात. आई-बाबा, आजोबा, कुणीतरी मोठं सोबत हवं, बरं का!

आता खुर्ची दिसली की काय करायचं? दुकानदाराला विचारून ती सरळ उलटी करायची. वरून पॉलिश कुणालाही मारता येतं, खालची बाजू सहसा कुणी सजवत नाही. एका लाकडाची जीभ दुसऱ्या लाकडाच्या खाचेत घट्ट बसवलेली दिसली, तर सुताराने मन लावून काम केलंय. फळीच्या कडेला पापुद्रे दिसले तर प्लायवूड, नुसता दाबलेला भुसा दिसला तर हल्लीचा स्वस्त माल. मग स्क्रू बघा. डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आले. ‘शंभर वर्षांची खुर्ची’ म्हणून दाखवलीय आणि स्क्रू फुलीचे? मग एक तर दुरुस्ती झालीय, नाहीतर थाप! शेवटी बोटाने टकटक करा. बारीक भोकं असतील आणि त्यांतून पिठासारखी भुकटी पडत असेल, तर ती खुर्ची आधीच कुणीतरी खातंय. तिला घरी न्याल, तर ते बाकीचं फर्निचरही खाईल.

इराणी हॉटेलातली ती काळी, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची आठवते? तिचं मूळ रूप व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटने १८५९ मध्ये बाजारात आणलं. वाफेने लाकूड मऊ करायचं आणि साच्यात वाकवायचं. सगळे मिळून सहा लाकडी भाग आणि दहा स्क्रू. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या! म्हणून तर ती जगभर पोचली. अशी खुर्ची मिळाली, तर बैठकीच्या चौकटीला आतून हात लावून बघा. बनवणाऱ्याचा ठसा किंवा जुनी कागदी चिठ्ठी तिथेच सापडते.

सगळंच काही परदेशातून आलेलं नाही हं. घाटकोपरच्या पुढचंच स्टेशन विक्रोळी. तिथल्या गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला आणि २००९ मध्ये ते उत्पादन थांबवलं. टाइपरायटर घेताना एकेक कळ दाबून बघा. एक जरी अडकली, तरी ‘शोभेची वस्तू’ म्हणूनच भाव करा.

आता दोन इशारे. पहिला जिवाचा. जुना व्हॉल्व्ह रेडिओ आणल्या आणल्या प्लगमध्ये घालायचा नाही. आत दोनशे व्होल्टपेक्षा जास्त दाब असू शकतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकतो. आधी जाणकार मेकॅनिक, मग गाणी! दुसरा इशारा खिशाचा. पन्नास-साठ वर्षांच्या टेबलाला कुणी ‘अँटिक’ म्हटलं, तर गालातल्या गालात हसा. १९७२ च्या आपल्या कायद्याप्रमाणे कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरायला ती किमान शंभर वर्षांची असावी लागते. आणि हो, बिल्डिंगच्या लिफ्टचं आणि घराच्या दाराचं माप आधीच घेऊन जा. नाहीतर कपाट खाली आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर!

एवढं सगळं शिकल्यावर मात्र पाकिटाला लगेच हात घालू नका. त्या दुकानांतल्या वस्तू आल्या कुठून? कुणाच्या तरी घरातूनच ना! बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही बघा, जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. घर रिकामं करायच्या गडबडीत आजीचं कपाट, आजोबांचा रेडिओ, पितळी डबे भंगारवाल्याच्या तराजूत जातात. लाकूड किलोने, पितळ किलोने. वस्तूची गोष्ट मात्र कुठल्याच तराजूत बसत नाही. वर्षभराने त्याच घरात ‘रेट्रो लूक’ हवा म्हणून तसंच कपाट दसपट भावाने येतं. आहे की नाही उलटा न्याय?

सगळंच काही ठेवता येत नाही, हेही खरं. नव्या घरात जागा मोजकीच असते आणि मोठ्यांना शंभर कामं असतात. म्हणून सगळं राखायचा हट्ट धरू नका. एकच वस्तू निवडा, आणि ती भंगारात जायच्या आधी निवडा.

या रविवारचं काम: घरातली एक जुनी वस्तू हुडका. ती उलटी करा, मागून-खालून बघा. मग आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारा: कधी घेतली, कुठून घेतली, केवढ्याला घेतली? उत्तरं एका चिठ्ठीवर लिहा, खाली तारीख घाला आणि ती चिठ्ठी वस्तूच्या आतल्या बाजूला चिकटवून टाका. उद्या ती वस्तू तुमच्याकडे राहो की ओशिवऱ्याच्या दुकानात जावो, तिला उलटी करून बघणाऱ्याला ती कुणाची होती हे कळेल.