हजेरीबुकाची उलटतपासणी

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पेपरात विभागांची आणि जिल्ह्यांची उतरंड छापून येते. वरचं मडकं कुठलं, तळातलं कुठलं. तळातल्या जिल्ह्याचा साहेब मग खुर्चीत रेलून कारण सांगतो : पालक उदासीन आहेत, पोरांची हजेरी नाही, म्हणून गुणवत्ता नाही. मीटिंग खलास. चहा येतो.

हा 'उदासीन' शब्द माझ्या डोक्यात जातो.

शाळेत न जाणारं पोर शिकत नाही, हे आम्हाला कुणी सांगायला नको. आमच्या बापजाद्यांना शाळेबाहेर ठेवणाऱ्यांना ते आमच्याआधी कळलं होतं, म्हणून तर त्यांनी बाहेर ठेवलं. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोरानं प्रवेश मागितला. सरकारनं नाकारला. याला घेतलं तर बाकीचे उठून जातील, ही भीती. आता सांगा, त्या शाळेच्या हजेरीबुकात त्या पोराची गैरहजेरी कुठं लागली? कुठंच नाही. ज्याचं नावच नाही तो गैरहजर कसा? हजेरीबुकाची पहिली लबाडी ही.

दुसरी लबाडी साताऱ्याची. बाबासाहेब तिथल्या शाळेत जात होते. बुकात हजर. पण हजर म्हणजे काय? घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसायचं. शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. तहानेला बुकात रकाना नव्हता.

पुढं याच माणसानं १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सरकारपुढं हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत घातलेल्या १०० पोरांपैकी १८ चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. त्यांनी आईबापांना उदासीन म्हटलं नाही. सरकार शिक्षणावर खर्च किती करतं ते विचारलं. आणि आठ दिवसांनी महाडच्या तळ्यावर गेले. हा क्रम ध्यानात ठेवा.

मी महापालिकेच्या शाळेत शिकलो. शाळेचं नाव सांगत नाही, तशा शंभर आहेत. गुरुजी हजेरी घेताना आडनावावर थांबायचे. मग आवाज यायचा, "सवलतवाले उभे राहा!" आम्ही उभे राहायचो, बाकीचा वर्ग मान वळवून बघायचा. माझ्या बाकावरचा दोस्त गणितात माझ्या पुढं होता. बाप अंथरुणाला खिळला आणि तो पहाटे दुधाच्या लाईनीला, दिवसा कॅन्टीनला लागला. ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून त्याच्या हातात १७ नंबरचा फॉर्म दिला. बाहेरून बस! तो बाहेरच राहिला. बुकात दोनच खुणा होत्या, हजर नाहीतर गैरहजर. का गैरहजर, याला जागाच नव्हती.

शहरातल्या दोस्तांनो, जरा बीडकडं बघा. मुकादमाची उचल आधीच खर्च झालेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक लागतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांची मोजणी अवजारानं करणारा हा धंदा! पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर खोपी पडतात. पोरं सोबतच. तान्ह्याला सांभाळायचं, वाढं गोळा करायचं, पाणी आणायचं. शाळेचं वर्ष जूनला सुरू, तोडीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. म्हणजे चार महिने शाळा, की पोर फडात. गावच्या बुकात रोज गैरहजर, नाहीतर मास्तरानं नोकरी वाचवायला रोज हजर. दोन्ही खोटं. खरं एवढंच की ते उसात आहे.

कारखान्याची धुराडी कधी पेटायची, ते मंत्र्यांची समिती दरवर्षी बसून ठरवते. तारीख जाहीर होते. म्हणजे कुठल्या महिन्यात किती गावं ओस पडणार हे मंत्रालयाला आधी ठाऊक असतं. साखरेसाठी कॅलेंडर हलतं, पोरांसाठी हलत नाही. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहं निघाली. पण ट्रक निघून गेल्यावर वसतिगृहाचं कुलूप काढलं तर आत झोपायचं कुणी?

आता पैशाचं. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया, चांगला जड. १९९२ साली महाराष्ट्र सरकारनं दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरच्या पहिली ते चौथीच्या पोरींना उपस्थिती भत्ता सुरू केला. हजर दिवसाला एक रुपया. २०२२ साली योजनेला तीस वर्षं झाली, रुपया रुपयाच राहिला. तीस वर्षांत आमदारांचे भत्ते किती वाढले, ते तुम्हीच काढा. खुरपणीला गेली तर पोर आईच्या हाती काय देते आणि शाळेत गेली तर सरकार काय देतं, हा हिशेब त्या अडाणी आईला पक्का कळतो. उदासीन कोण?

तांदळाचीही तीच गत. १९९५ च्या योजनेत पोराला महिन्याला तीन किलो धान्य होतं, पण ८० टक्के हजेरी भरली तर. भुकेपायी जो कामावर गेला त्याचंच धान्य आधी कापायचं! २००१ साली सुप्रीम कोर्टानं शाळेत शिजवलेलं अन्न द्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठं पोराच्या ताटात खिचडी पडायला लागली.

आणि हे हजेरीचे सोवळे रखवालदार स्वतः काय करत होते? ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली. मतदानाला लावतात तशी शाई पोरांच्या बोटाला लावली, एक पोर दोन शाळांत दाखवू नये म्हणून. पटावर होती आणि वर्गात सापडली नाहीत अशी सुमारे २० लाख नावं निघाली. त्यांतली सगळीच बोगस होती असं मी म्हणत नाही, काही पोरं खरीच कामाला गेलेली असतील. पण कागदावरच्या पोरांच्या नावानं तुकड्या, अनुदान, धान्य, पगार, सगळं उचललं गेलं. आमचं जिवंत पोर गैरहजर आणि संस्थाचालकाचं भूत हजर! पुढं शिक्षक जास्त झाले म्हणून २०१२ साली भरती थांबवली. भुतं त्यांनी पाळली, मास्तर आमच्या पोरांचा गेला.

तरी पोट भरलं नाही. २०२३ साली २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा 'समूह शाळे'त गुंडाळायचा घाट घातला. चौदा हजारांवर शाळा त्या यादीत. हे पाडे, तांडे, वस्त्या कुणाच्या आहेत ते सांगायची गरज नाही. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, हा यांचाच नियम. शाळा लांब न्यायची आणि मग पोर गैरहजर म्हणून ओरडायचं!

तेव्हा नुसतं निवेदन देऊन भागणार नाही. आपापल्या वस्तीतल्या शाळेपुढं एक फळा लावा आणि रोज लिहा : मास्तर आले की निवडणुकीच्या कामाला धाडले? नळाला पाणी? पोरींच्या संडासाला कडी? खिचडी शिजली? कुठलं पोर आलं नाही आणि का? हा 'का' चा रकाना सगळ्यात मोठा ठेवा. आणि मागणी रोखठोक करा. ट्रक लागायच्या आधी वसतिगृह उघडा. पोरींचा भत्ता मजुरीच्या हिशेबानं द्या. हजेरीच्या अटीवर कुणाचा घास, कुणाची परीक्षा तोडू नका. एकही वस्तीशाळा बंद करू नका.

दीडशे वर्षं त्यांनी आमची हजेरी घेतली. आता बुक आपल्या हातात घ्या. पहिलं नाव शिक्षण खात्याचं, पुकारा मोठ्यानं. ओ आली नाही तर खात्याच्या दारात जाऊन पुकारा.

जय भीम!