पद्मिनी टॅक्सीवर खरंच बंदी आली होती का?

काळी-पिवळी पद्मिनी 'बंद केली' असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात या गाडीवर कोणी बंदी घातली नव्हती. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून एकही पद्मिनी टॅक्सी म्हणून धावू शकत नाही.

पण इतकं जुनं मॉडेल २००३ पर्यंत टिकलं कसं?

पद्मिनी म्हणजे इटलीच्या फियाट ११०० चं भारतीय रूप. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात ती बनवायची. 'पद्मिनी' हे नाव १९७० च्या दशकातलं. इटलीत हे मॉडेल साठच्या दशकातच मागे पडलं. इथे मात्र परवाना राज होतं. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवायचं, आयातीवर निर्बंध होते आणि लोक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागण्याची वाट बघायचे. गिऱ्हाईक आधीच रांगेत असताना नवं मॉडेल आणायची घाई कोण करणार?

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घरगुती गिऱ्हाईक तिकडे वळलं. टॅक्सीवाले नाही वळले. पद्मिनीचं १०८९ सीसीचं साधं इंजिन गल्लीतला मेकॅनिकही खोलायचा, पुढे त्यावर सीएनजी किटही बसलं. चालकांच्या तोंडी ती 'फियाट'च राहिली.

२० वर्षांचा नियम टॅक्सीचा आहे. खासगी गाडी १५ वर्षांनंतर तपासणीत पास झाली, तर तिची नोंदणी पाच वर्षांनी वाढवता येते. त्यामुळे पांढऱ्या नंबरप्लेटची पद्मिनी रस्त्यावर दिसली, तर ती बेकायदा असेलच असं नाही.