यंत्राला लावलेलं कुलूप वाचकालाच अडतंय

कल्याण : एआय कंपन्यांनी आपलं लिखाण फुकटात उचलू नये म्हणून मजकूरच मुद्दाम बिघडवून इंटरनेटवर टाकायचा, असा उपाय काही लिहिणारे करू लागलेत. अक्षरांच्या मध्ये न दिसणारी चिन्हं घालायची, एका अक्षराच्या जागी तसंच दिसणारं दुसऱ्या लिपीतलं अक्षर बसवायचं, नाहीतर सगळी बातमीच फोटो करून टाकायची. माणसाला वाचता येईल, यंत्राचा गोंधळ उडेल, असा हिशेब.

राग खोटा नाही. वार्ताहर उन्हातान्हात फिरून बातमी आणतो आणि एआय तीच माहिती चार ओळींत सांगून मोकळा होतो. मूळ बातमी उघडतो कोण? एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तो आपल्या बातम्या परवानगीशिवाय वापरल्या म्हणूनच.

पण मजकूर बिघडला की काय होतं, ते मराठी माणसाने आधीच भोगलंय, आणि तेही कोणी मुद्दाम न करता. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरी पुढे कितीतरी वर्षं आपली छपाई आणि कार्यालयं श्रीलिपी, सुरेख अशा जुन्या फॉन्टांवर चालली. त्यात पडद्यावर मराठी दिसे, पण कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट नसला की सगळा कचरा. वर्तमानपत्राची साइट वाचायला आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. आजही तसल्या जुन्या पीडीएफमधून चार ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकल्या तर भलतंच काहीतरी उमटतं.

याची किंमत गावात कळते. समृद्धी महामार्ग शहापूर, कल्याण, भिवंडी तालुक्यांतून गेला. विरार-अलिबाग मार्गिकेची आखणी भिवंडी, कल्याण, अंबरनाथमधून आहे. अशा कामात भूसंपादनाची यादी निघाली की शेतकऱ्याला एकच गोष्ट बघायची असते, आपला गट नंबर त्यात आहे का. यादी नीट टाइप केलेली असेल तर शोधायला मिनिट लागत नाही. स्कॅन केलेला फोटो असेल तर बोटाने मोठं करत पानामागून पान चाळायचं. हरकतीची मुदत त्यासाठी थांबत नाही.

न दिसणारी चिन्हं घातली तरी तोच प्रकार. ‘मुरबाड’ या शब्दात एक लपलेलं चिन्ह असेल तर डोळ्याला तो मुरबाडच दिसतो, पण साधा शोध घेतला तर सापडेलच असं नाही. ज्यांना दिसत नाही ते फोनचं वाचून दाखवणारं बटण वापरतात, म्हाताऱ्या माणसांनाही मुलं तेच लावून देतात. तिथे शब्द तुटतो, आणि फोटोतली बातमी तर नुसती ‘इमेज’ म्हणून पुढे सरकते.

आणि एआय अडतं का? फारसं नाही. लपलेली चिन्हं गाळून टाकणं प्रोग्रामरला किरकोळ काम आहे. फोटोतली छापील मराठी तर गूगल लेन्सही वाचतं. म्हणजे चोर भिंतीवरून आत, आणि घरचा माणूस कुलपापाशी उभा.

दुसरी बाजूही आहे. राज्याने शेतकऱ्यांसाठी मराठीत उत्तरं देणारं महाविस्तार ॲप आणलंय. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शेतीतल्या एआय धोरणाला मंजुरी देऊन ५०० कोटींची तरतूद केली. असली यंत्रं मराठी शिकतात ती लिहिलेल्या मराठीवरूनच. चांगलं मराठी कुलुपात आणि भाषांतरित मराठी मोकळं, असं झालं तर भाताच्या करप्यावर मिळणारा सल्लाही तसल्याच भाषेत येईल.

मग लिहिणाऱ्याने फुकट द्यायचं का? तसंही नाही. जुलै २०२५ पासून क्लाउडफ्लेअर कंपनी नव्या साइटना एआयचे बॉट अडवण्याची सोय सुरुवातीलाच देते. त्याने वाचकाचं एक अक्षरही बिघडत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटी विभागाच्या समितीने एआय कंपन्यांना परवाना सक्तीचा करून लिहिणाऱ्यांना रॉयल्टी द्यावी, असं सुचवलं. त्यात नकार द्यायचा हक्क मात्र लिहिणाऱ्याला नाही, आणि तालुक्याच्या छोट्या पोर्टलपर्यंत पैसा कसा पोचणार हा खरा प्रश्न आहे. भांडायचं तर तिथे भांडावं.

गावापुरतं काम त्याहून सोपं आहे. ग्रामपंचायतीने ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकताना खाली गट नंबर आणि हरकतीची शेवटची तारीख टाइप करून टाकली, तरी निम्मी धावपळ वाचेल.